सेंद्रिय शेतावर बेरारी शेळी: नागपूरच्या हवामानात मांसासाठी पालन आणि पैदास

लहान चणीचे, कमी खाणारे, मांसासाठी वाढवायचे जनावर म्हणून परदेशात बुटक्या जातीच्या गाई पाळतात. महाराष्ट्रात तो मार्ग नाही. 1976च्या कायद्याने गाईची आणि 2015च्या दुरुस्तीने बैल व वळूचीही कत्तल बंद आहे. आपल्याकडची गवळाऊ गाय सेंद्रिय शेतावर जरूर ठेवावी, पण ती दूध, शेण आणि ओढकामासाठी. मांसाचे जनावर म्हणून विदर्भात शेळीच घ्यावी लागते, आणि नवख्याने सुरुवात बेरारीपासून करावी.

बेरारी ही नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यातली नोंदणीकृत जात आहे. रंग फिकट ते गडद तांबूस, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा, पाठीच्या कण्यावर काळसर केसांची रेघ. प्रौढ शेळीचे वजन 30 किलोच्या आसपास भरते. बाहेरची मोठी जात वजनाला भारी असते, पण मे महिन्यातले 45 अंश आणि जुलैची चिकचिक या दोन्ही गोष्टी जिच्या रक्तात आहेत तिचा औषधाचा खर्च कमी येतो. सेंद्रिय शेतावर हा मुद्दा वजनापेक्षा मोठा आहे, कारण तिथे उठसूट प्रतिजैविके देता येत नाहीत.

आधी तारखा, मग जनावरे

या धंद्यात नवखे लोक बुडतात ते चाऱ्यामुळे कमी आणि चुकीच्या महिन्यात विणाऱ्या शेळ्यांमुळे जास्त. बोकड वर्षभर कळपात मोकळा असला की शेळ्या वाटेल तेव्हा फळतात आणि करडे भर पावसात जन्माला येतात. ओल्या गोठ्यात त्यांना न्यूमोनिया होतो, नाहीतर रक्ती हगवण लागते, आणि दोन महिन्यांत निम्मी पिल्ले गेली तरी कारण कळत नाही. म्हणून पहिला नियम: बोकड वेगळा बांधायचा आणि ठरलेल्या दिवसांतच सोडायचा.

शेळीचा गाभणकाळ सरासरी 150 दिवसांचा. माज दर 21 दिवसांनी येतो. 1 जून ते 15 जुलै असे 45 दिवस बोकड दाखवला तर प्रत्येक शेळीला दोन माज मिळतात आणि विण्याचा काळ 29 ऑक्टोबर ते 12 डिसेंबर येतो. पाऊस संपलेला, जमीन वाळलेली, थंडी अजून कडक नाही. पिल्ले खाऊ लागतात तोवर तूर निघून तिचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) हाती येते आणि पाठोपाठ हरभऱ्याचे. पोळ्यापर्यंत ही करडे नऊ-दहा महिन्यांची होतात. श्रावण संपताच पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मटणाची मागणी उसळते, तेव्हा माल तयार असतो.

जूनमध्ये न फळलेल्या शेळ्यांना 15 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबरमध्ये दुसरी संधी द्यावी. त्या फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत वितील. पावसाळ्यातल्या हिरव्या चाऱ्यावर त्यांचे अंग भरलेले असते, त्यामुळे सप्टेंबरात गाभ चांगला राहतो. दोन्ही संधी हुकलेली शेळी विकून टाकावी.

"दोन वर्षांत तीन वेत" हा हिशेब पुस्तकात बरोबर आहे. पाच महिने गाभ, तीन महिने विश्रांती, म्हणजे आठ महिन्यांचे चक्र. पण ऑक्टोबरात व्यालेली शेळी या चक्राने पुढचे वेत जूनमध्ये देते आणि तेच नागपूरला सगळ्यात वाईट. पक्का, उंच जमिनीचा गोठा आणि अनुभव असेल तर करावे. पहिली दोन वर्षे वर्षाला एकच वेत पुरे.

बोकड आणि उन्हाळा

जूनमध्ये फळवायचे असेल तर बोकडाची तयारी एप्रिलपासून लागते. बोकडाचे वीर्य तयार व्हायला साधारण सात आठवडे जातात. एप्रिल-मेमध्ये तो तापला तर त्याचा परिणाम जूनमध्ये दिसतो: बोकड चढतो, पण शेळी 21 दिवसांनी परत माजावर येते. या महिन्यांत त्याला दाट सावलीत ठेवावे, छपरावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) किंवा गवताचा जाड थर टाकावा, पाणी दिवसातून तीनदा बदलावे. सरकीची ढेप बोकडाला देऊ नये. तिच्यातले गॉसिपॉल प्रजननाला बाधते, आणि सेंद्रिय कापसाची सरकी तशीही सहसा मिळत नाही.

एक बोकड 20 ते 25 शेळ्यांना पुरतो. तो जुळ्या वेतातला, दोन्ही अंड समान व घट्ट असलेला, पायाने सरळ असावा. एकच अंड उतरलेला बोकड कितीही देखणा असो, घेऊ नये. दोन वर्षांनी बोकड बदलायचा, नाहीतर तो आपल्याच पाठींना (न व्यालेल्या तरुण शेळ्यांना) फळवतो आणि पिल्ले खुरटी निघू लागतात.

खरेदी

दहा शेळ्या आणि एक बोकड, एवढ्यावर थांबावे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या आणि 5 बोकड या गटाला 50 टक्के, म्हणजे कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. ते वाचून थेट शंभरावर उडी मारण्याचा मोह होतो. शंभर शेळ्यांत एक आजार शिरला तर अनुदानाची रक्कम औषधात आणि मेलेल्या जनावरांत जाते. दहांवर हात बसू द्या, अनुदान नंतरही घेता येते.

आठवडी बाजारातून पैदाशीची शेळी घेऊ नका. तिथे येते ती बहुधा कुणी काढून टाकलेली, आणि शंभर कळपांतले आजार तिथेच एकमेकांना भेटतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे नागपूर जिल्ह्यात बोंद्रीला आणि अमरावती जिल्ह्यात पोहऱ्याला आहेत. तिथे चौकशी करावी, किंवा नोंदी ठेवणाऱ्या पाळणाऱ्याकडे त्याच्या गोठ्यावर जाऊन घ्यावी.

दात पाहून वय ठरते. दुधाचे सगळे दात असतील तर वर्षाच्या आत, दोन दाती म्हणजे सव्वा-दीड वर्ष, चार दाती दोन वर्षांच्या पुढे, आठ दाती म्हणजे साडेतीन-चार वर्षे. दोन ते चार दाती शेळी घ्यावी. कास दाबून पाहावी: गाठ किंवा एक सड बंद असेल तर सोडून द्यावी. खालची पापणी उलटून पाहावी: आतून गुलाबी-लाल हवी, पांढुरकी असेल तर पोटात जंत रक्त पीत आहेत. विकणाऱ्याच्या "गाभण आहे" या शब्दावर जास्तीचे पैसे देऊ नयेत.

खरेदीची उत्तम वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणलेली जनावरे 21 दिवस जुन्या कळपापासून लांब, वेगळ्या भांड्यांत ठेवावीत. पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग याच काळात डोके वर काढतो: ताप, डोळ्या-नाकातून घाण, तोंडात व्रण, मग हगवण. बोकडाची ब्रुसेलोसिस या गाभ पाडणाऱ्या रोगासाठी रक्ततपासणी करून घ्यावी. हा रोग माणसाला होतो, म्हणून गर्भपात झालेल्या शेळीला उघड्या हाताने कधीच हात लावू नये.

गोठा

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत येत नाही. रुंदी 20 फुटांच्या आत, नाहीतर मधली हवा कोंडते. छताखाली प्रत्येक शेळीला 10 ते 12 चौरस फूट, बोकडाला 20 आणि करडाला 4 ते 5 चौरस फूट जागा द्यावी. मोकळे आवार त्याच्या दुप्पट. दहा शेळ्या, बोकड आणि पंधरा पिल्ले यांना 20 बाय 12 फुटांचा गोठा पुरतो, त्यात विणाऱ्या शेळीसाठी 4 बाय 5 फुटांचा एक कप्पा काढावा.

जमीन मुरमाची, आजूबाजूपेक्षा फूटभर उंच, एका बाजूला उतार. काळ्या मातीत नुसता मुरूम टाकला तर पहिल्या पावसात तो खाली जातो, खाली दगड-गोट्यांचा थर हवा. सिमेंटची जमीन स्वच्छ दिसते, पण मूत्र जिरत नाही आणि खुरे सडतात. आठवड्यातून एकदा चुना भुरभुरावा. लोखंडी पत्र्याचे छप्पर असेल तर उंची मधोमध 12 फूट ठेवावी आणि उन्हाळ्यात वर गवत अंथरावे.

रामटेक, उमरेड, हिंगणा या भागांत बिबट्याचा वावर आहे. उघड्या आवाराला सहा फुटी जाळी लावून तो थांबत नाही. रात्रीची जागा वरूनही बंद हवी, जाळी छतापर्यंत नेऊन बांधलेली.

चारा

30 किलोच्या शेळीला रोज साधारण 3 किलो हिरवा चारा, पाऊण ते एक किलो कोरडा चारा आणि 200 ते 250 ग्रॅम खुराक लागतो. पाणी 3 ते 5 लिटर, मे महिन्यात त्याहून जास्त.

कोरड्या चाऱ्याचा प्रश्न विदर्भात सुटलेलाच आहे. तूर, हरभरा आणि सोयाबीनचे कुटार घरचेच असते. त्यात तुरीचे शेळीला सगळ्यात जास्त आवडते. सोयाबीनचे कुटार भिजून बुरशी लागली असेल तर ते खतात टाका, गव्हाणीत नाही. कुटार शेजाऱ्याचे असेल तर त्यावर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे विचारून घ्या. सेंद्रिय प्रमाणपत्र हवे असेल तर बाहेरचा चारा प्रमाणन संस्थेला विचारल्याशिवाय आणू नये. कापसाच्या वावरात, वेचणी संपल्यावर उभ्या पऱ्हाटीत शेळ्या सोडण्याची पद्धत आहे, पण ती फवारलेल्या पऱ्हाटीत अजिबात नको. तोंडाला फेस, थरथर, बाहुल्या बारीक अशी लक्षणे दिसली तर विषबाधा समजून ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे.

हिरव्यासाठी दहा शेळ्यांच्या कळपाला, पाणी असेल तर, 10 ते 15 गुंठे संकरित नेपिअर आणि 5 गुंठे लसूणघास पुरते. त्याहून मोलाची गोष्ट धुऱ्यावरची झाडे: शेवगा, हादगा, अंजन, सुबाभूळ, बाभूळ, बोर. शेळी मुळात पाला ओरबाडणारी आहे, वाकून गवत खाणे तिला नाइलाजाने जमते. बाभूळ आणि अंजनाच्या पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते, त्याने पोटातल्या जंतांना आळा बसतो. सुबाभूळ मात्र एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, नाहीतर केस झडू लागतात. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी फुलोऱ्याआधी जीव घेते, तिच्या वावरात शेळी जाऊच नये. खोडवा फुटलेली ज्वारीही तितकीच वाईट.

काटोल-नरखेडकडच्या बागायतदारांसाठी: संत्र्याच्या बागेत गवत खूप दिसते म्हणून शेळ्या सोडू नका. त्या साल सोलून काढतात, शिवाय बुंध्याला लावलेल्या बोर्डो पेस्टमधले तांबे चाटतात. गवत कापून गोठ्यात आणा.

खुराक घरी करता येतो. 10 किलोसाठी: मका किंवा ज्वारीचा भरडा 4 किलो, जवसाची किंवा शेंगदाण्याची ढेप अडीच किलो, तूर-हरभऱ्याची चुनी 2 किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो 200 ग्रॅम, खनिज मिश्रण 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. बाजारातल्या तयार कांडीत युरिया असू शकतो, सेंद्रियात तो चालत नाही. विक्रीच्या बोकडांना लवकर वजन यावे म्हणून कोंडा वाढवला तर त्यांना मुतखडा होतो. थेंब-थेंब लघवी, शेपटी हलवत कण्हणे ही त्याची खूण. खच्ची केलेल्या बोकडात हा धोका जास्त असतो.

खुराक कधीही एकदम वाढवू नये, आठ-दहा दिवसांत हळूहळू. पोत्यात तोंड घालून धान्य खाल्लेली शेळी दुसऱ्या दिवशी पोटात आम्ल होऊन आडवी पडते. पोटफुगी वेगळी. ओला लसूणघास भुकेल्या पोटी खाल्ल्यावर डावी कूस ढोलासारखी फुगते. 50 ते 100 मिलिलिटर जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल, शेळीला उभे ठेवून, जीभ न ओढता, गालातून हळूहळू पाजावे. घाईने पाजले तर तेल फुफ्फुसात जाते.

फळवणे, गाभणकाळ, विणे

पाठ दहा-बारा महिन्यांची आणि 20 किलोच्या पुढे गेल्याशिवाय फळवू नये. वय झाले पण वजन नाही, तर थांबावे.

1 जूनच्या आधी दोन-तीन आठवडे प्रत्येक शेळीला रोज 200 ते 250 ग्रॅम जादा खुराक द्यावा. मे महिन्यात शेळ्या हडकलेल्या असतात, आणि अंग भरत असतानाच फळलेली शेळी जुळे देण्याची शक्यता जास्त असते. शेपूट सतत हलवणे, ओरडणे, दुसरीवर चढणे, चिकट स्राव ही माजाची लक्षणे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. माज एकसाथ आणायची संप्रेरके सेंद्रियात चालत नाहीत. कृत्रिम रेतन चालते.

तारीख लिहून ठेवा. 21 दिवसांनी परत माज आला नाही तर गाभ धरला असे समजावे. गाभणकाळाचे शेवटचे सहा आठवडे कळीचे आहेत: गर्भ याच काळात वाढतो, पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. जुळी असलेली शेळी उपाशी राहिली तर तिच्या शरीरातली चरबी जळू लागते, ती खाणे सोडते, सुस्त पडते आणि दोघे-तिघे जीव एकदम जातात. या काळात खुराक हळूहळू 300 ते 400 ग्रॅमपर्यंत न्यावा.

विताना पाण्याची पिशवी फुटल्यावर जोर लावूनही अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू आले नाही तर पशुवैद्यक बोलवावा, ओढाताण करू नये. पिल्लू आल्यावर नाक-तोंड पुसावे, नाळ पोटापासून दोन इंचांवर निर्जंतुक दोऱ्याने बांधून कापावी आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. तासाच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या 24 तासांत वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलोच्या करडाला 200 मिलिलिटर, तीन-चार वेळात विभागून. चिकाच्या नादात वार (पिल्लामागून पडणारे गर्भाचे आवरण) विसरू नये. ती 12 तासांत पडली नाही तर हाताने ओढू नका, वैद्य बोलवा. पडलेली वार खड्ड्यात चुना घालून पुरावी, कुत्र्यांना खाऊ देऊ नये.

करडांना तिसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला आणि चिमूटभर खुराक, तीन महिन्यांत दूध बंद. त्यांची जागा कोरडी असली तर अर्धे आजार येतच नाहीत.

लसी, जंत आणि सेंद्रियाचा नियम

सेंद्रिय म्हणजे लस नाही, हा गैरसमज महाग पडतो. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांत लसीकरण चालते. आंत्रविषार आणि घटसर्पाची लस मे-जूनमध्ये, पावसाआधी. आंत्रविषाराची पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पीपीआरची लस चौथ्या महिन्यानंतर, मग तीन वर्षांनी एकदा. लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी. दोन लसींमध्ये दोन-तीन आठवडे अंतर ठेवावे.

जनावर आजारी असेल तर औषध द्यावेच. तडफडू देणे सेंद्रिय मानकांतही बसत नाही. फक्त औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला विक्रीपूर्व कालावधी (औषधानंतर मांस-दूध विकायचे नाही ते दिवस) दुप्पट धरावा आणि नोंद ठेवावी. वाढीची औषधे आणि खबरदारी म्हणून रोज दिलेली प्रतिजैविके चालत नाहीत.

जंताचे औषध सगळ्या कळपाला दर तीन महिन्यांनी पाजण्याची सवय मोडा. त्याने औषधाला न जुमानणारे जंत तयार होतात. पापणी फिकट दिसणारी, हगवण लागलेली किंवा जबड्याखाली सूज आलेली शेळी निवडून, लेंडी तपासून औषध द्यावे. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, लेंडी तिथे न्यावी. पावसाळ्यात दव वाळेपर्यंत, साधारण दहापर्यंत, शेळ्या चरायला सोडू नयेत. जंतांची पिल्ले ओल्या गवताच्या शेंड्यावर चढलेली असतात. मौदा, रामटेक, कुही, भिवापूरच्या धानपट्ट्यात बांधीतल्या गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या जंताचा धोका असतो. तिथे साचलेल्या पाण्याकाठी चराई नकोच.

औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि वजनाचा अंदाज हमखास चुकतो. छातीचा घेर इंचांत मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या हाडाच्या, टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 660ने भागा. घेर 28 आणि लांबी 25 इंच असेल तर 784 गुणिले 25, भागिले 660, म्हणजे जवळपास 30 किलो.

विक्री

बकरी ईदसाठी बोकड पूर्ण एक वर्षाचा लागतो. त्यात पाच महिन्यांचा गाभ धरला तर ईदेच्या किमान 17 महिने आधी शेळी फळलेली हवी. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून गेल्या वर्षीची तारीख धरून हिशेब करू नका. तुटलेले शिंग, फाटलेला कान, लंगडा पाय असेल तर तो बोकड या बाजारात जात नाही. कानात बिल्ला मारताना कान फाटणार नाही याची काळजी घ्या, आणि दोन बोकडांना गव्हाणीवर भांडू देऊ नका. खच्ची करायचे असेल तर दोन-तीन महिन्यांच्या वयात चिमट्याने करावे. न केलेला बोकड जरा वेगाने वाढतो, पण वर्षानंतर मटणाला उग्र वास येऊ शकतो. गिऱ्हाईक कुठले आहे ते आधी ठरवा.

सेंद्रिय मटण म्हणून विकायचे असेल तर एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करून द्यायचे) प्रमाणपत्र लागते. वार्षिक 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला थेट गिऱ्हाइकाला विकताना यातून सूट आहे, पण मग "जैविक भारत" हे चिन्ह वापरता येत नाही. कत्तल मात्र परवाना असलेल्या ठिकाणीच.

व्यापारी डोळ्याने वजन ठरवतो आणि ते नेहमी कमीच ठरते. लटकता काटा विकत घ्या आणि जिवंत वजनावर किलोने भाव ठरवा. 20 किलोच्या बोकडातून साधारण 9 ते 10 किलो मटण निघते, हा आकडा सौदा करताना डोक्यात ठेवा. वजन करण्याची वेळ आधीच ठरलेली असावी. रात्रभर उपाशी बोकडाचे वजन आणि सकाळी चरून-पिऊन आलेल्याचे वजन यांत किलो-दीड किलोचा फरक पडतो, आणि त्यावरूनच बहुतेक भांडणे होतात.